पेरू देशातील एकादशी

"अमेरिकेला जाऊन आलात म्हणे!" असे कोणी विचारावे, मी "होय, पण दक्षिण अमेरिकेला" असे उत्तर द्यावे आणि विचारणाऱ्याच्या मुद्रेवर किंचित निराशा उमटावी, हा अनुभव परत आल्यावर कित्येक दिवस येत होता. आमच्या मातुःश्रींचे वय त्या वेळी चौऱ्याऐंशी. त्यांनी तर देशाचे नाव ऐकताच म्हटले होते, "पेरूला जायचं? त्यासाठी विमान कशाला? छावणीच्या बाजारात ढिगांनी मिळतात!" आम्हा इंदूरकरांच्या बाजारात पेरूला 'जाम' म्हणतात, घरात मात्र तो पेरूच. तेव्हा विनोद तिने जाणूनबुजून केला की काय, हे ठरविणे कठीणच होते.

आमची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त पेरूची राजधानी लिमा येथे राहतात. "एकदा या, आणि घाईने नको, चांगले महिनाभर राहायला या," असा तिचा आग्रह तीन वर्षे चालला होता. शेवटी २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीला जोडून मी अर्जित रजा मागितली. जूनच्या मध्यास शाळा उघडते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत शाळा उघडण्याच्या दिवशी मी फाटकाशी उभा नाही, असे प्रथमच घडणार होते. माझी अडचण एवढीच. सौ.ची अडचण वेगळी होती. गृहिणीला रजा नसते. त्यामुळे ती कोणाकडे मागावी, हाही प्रश्न. धाकट्या भावाने व भावजयीने आईची जबाबदारी आनंदाने घेतली, तरी निघण्याच्या दिवसापर्यंत सौ. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होती. आईने निरोप देताना तिला एकच गोष्ट बजावली, "कुठंही जा, पण आषाढीची एकादशी मोडू नकोस."

दिल्लीहून निघून, युरोपात विमान बदलून, आम्ही उभयता मेअखेर लिमास पोहोचलो. हे शहर पॅसिफिक महासागराच्या काठी उंच कड्यावर वसले आहे. जून महिन्यात तिथे हिवाळा असतो. आकाश सदैव राखाडी. सूर्य दिसत नाही आणि पाऊसही पडत नाही. या आभाळाला तिथले लोक 'गाढवाचे पोट' म्हणतात, हे ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेदहा तासांचे अंतर. रात्रीचे आठ वाजले की इंदुरात सकाळचे साडेसहा झालेले असत, आणि आई स्नान उरकून फोनची वाट पाहत बसलेली असे.

पहिले चार दिवस मी पहाटे साडेपाचला उठून तयार होऊन बसलो. पुढे काय करायचे, हे मात्र समजेना. घंटा नाही, हजेरीपट नाही, खात्याचे परिपत्रक नाही. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, नुसते बसण्यापेक्षा पिशवी घ्या आणि बाजारात चला." लग्नाला एकतीस वर्षे झाली होती, पण भाजी घेण्यासाठी आम्ही दोघांनी मिळून गेल्याचे मला स्मरत नाही. इंदुरात भाजी दारावर येते, आणि ती येते त्या वेळी मी शाळेत असतो.

त्या बाजारात जे दिसले, त्यानेच आमच्या प्रवासाला दिशा लावली. प्रथम बटाटे. तांबडे, जांभळे, काळे, पिवळे, बोटासारखे लांबट, सुपारीएवढे गोल. कन्येने सांगितले की बटाट्याला इथे 'पापा' म्हणतात, आणि हा शब्द इथल्या मूळच्या केचुआ भाषेतला आहे. बटाटा हा या अँडीज पर्वताचाच पुत्र. तो इथे प्रथम लागवडीखाली आला त्याला सात-आठ हजार वर्षे झाली. लिमा शहरातच १९७१ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन संस्था आहे. तिच्या संग्रहात अँडीजमधील बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती जपलेल्या आहेत. आपण एकच बटाटा ओळखतो. फार तर नवा आणि जुना.

पुढच्या दुकानात रताळी होती; त्यांचे नाव 'कामोते'. शेजारी भुईमुगाच्या शेंगा; त्यांना 'मानी' म्हणतात. भुईमूगही याच खंडातला. लिमाच्या लार्को वस्तुसंग्रहालयात मोचे नावाच्या प्राचीन लोकांची दीड हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी आम्ही पुढे पाहिली. याच लोकांच्या एका अधिपतीची समाधी १९८७ साली सिपान येथे उघडण्यात आली, तेव्हा त्याच्या गळ्यात सोन्या-चांदीच्या शेंगांची माळ निघाली. आपल्याकडे शेंगदाण्यांचा कूट डब्यात असतो. तिथे शेंग राजाच्या गळ्यात होती! मग मिरच्या आल्या. त्याही दक्षिण अमेरिकेच्याच. शेवटी मातकट सालीचे जाड, लांब कंद दिसले. सौ.ने विचारले, "हे काय?" त्याचे नाव 'युका'. हाच टॅपिओकाचा कंद, ज्याच्या सत्त्वापासून आपला साबुदाणा होतो. पूर्वी साबुदाणा मलायाकडून यायचा, तो तिकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली आणि तामिळनाडूत सेलमच्या आसपास या कंदापासून साबुदाणा होऊ लागला. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील.

मी हे सारे वर्गात शिकवावे तसे सांगत होतो. सौ. मात्र थबकून उभी राहिली होती. "म्हणजे खिचडीतला साबुदाणा इकडचा, दाणे इकडचे, बटाटा इकडचा, मिरची इकडची," ती बोटे मोजीत म्हणाली, "मग आपलं काय? तूप, जिरं आणि मीठ?" मी म्हणालो, "आणि एकादशी." ती हसली; पण त्या हसण्यात थोडी चिंता होती. ज्या ताटाचे सोवळे तिने जन्मभर सांभाळले, ते ताट सातासमुद्रापलीकडून आलेले निघाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही कुस्को या गावी गेलो. इंका राजांची ही प्राचीन राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर. विमानातून उतरताच माझे डोके जड झाले, दहा पावलांत दम लागला. तिथे पाहुण्याला कोकाच्या पानांचा काढा देतात. तो पिऊन मी दोन दिवस पडून राहिलो. सौ.ला काहीच झाले नाही. "घरात रोज किती वेळा जिना चढते, ते मोजलंत कधी?" एवढेच ती म्हणाली.

आम्ही स्वयंपाकघरासह एक खोली दहा दिवसांसाठी घेतली होती. लोक तिथे दोन दिवसांत सारे 'उरकून' परततात. आम्हाला उरकायचे नव्हते. रोज सकाळी ऊन अंगावर घेत चौकात बसावे, दुपारी एखादी गल्ली पाहावी, रात्री कडाक्याच्या थंडीत दोन घोंगड्या घेऊन निजावे. माचू पिक्चूलाही एक दिवस जाऊन आलो. त्याचे वर्णन मी करीत नाही; ते स्थळ छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहे आणि छायाचित्रांहून ते कितीतरी पटींनी भव्य आहे, एवढेच म्हणतो. कुस्कोतील एका गल्लीतला बारा कोनांचा दगड मात्र सांगितला पाहिजे. इंकांच्या भिंतीत तो असा बसविला आहे की चुना नाही, माती नाही, तरी सांध्यात पाते शिरत नाही. १९५० च्या भूकंपात कुस्कोमधील स्पॅनिश मठाची मोठी पडझड झाली; त्याच्या खालच्या इंका भिंती जशाच्या तशा राहिल्या. मी स्थापत्यावर बोलू लागलो, तेव्हा सौ.ने त्या दगडाकडे पाहून विचारले, "हे घासत कोण बसलं असेल हो?" पुस्तकांत राजांची नावे होती. घासणाऱ्यांची नव्हती.

२४ जूनला तिथे सूर्याचा उत्सव असतो. आपल्याकडे दक्षिणायन सुरू होते त्या सुमारास तिथल्या हिवाळ्याची सीमा होऊन सूर्य त्यांच्याकडे परत फिरतो. म्हणून हा 'इंती रायमी' उत्सव. स्पॅनिश अमलात बंद पडलेला हा सोहळा १९४४ पासून पुन्हा साजरा होऊ लागला. इकडे देव निजायला निघाले असता तिकडे सूर्याला जागे करण्याचा थाट चाललेला पाहून मौज वाटली.

त्या शनिवार-रविवारला जोडून कन्या आमच्याजवळ आली होती. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला कुस्कोच्याही वर, सुमारे ३७०० मीटरवरच्या चिंचेरो गावी नेले. पुढच्या पठारावर जमिनीवर काही पसरलेले दिसले. जवळ गेलो तर बटाटे! रात्री ते उघड्यावर गोठू देतात, सकाळी ऊन लागले की बायका-पुरुष अनवाणी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात. पुन्हा रात्री गोठवतात, पुन्हा वाळवतात. असा वाळविलेला 'चुन्यो' वर्षानुवर्षे टिकतो. सौ. धावतच पुढे गेली. "अहो, हे तर वाळवण!" चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या पडतात, ते ऊन तापलेले असते म्हणून, यांचे वाळवण दव गोठते म्हणून. तिथल्या वृद्ध बाईला मराठी येत नव्हते आणि सौ.ला केचुआ, पण पाव तास दोघी हातवारे करीत बोलत होत्या, आणि दुभाषी म्हणून उभी राहिलेली आमची कन्या निरुपयोगी ठरली होती.

त्याच बाईने टोपलीतून एक बटाटा काढून दाखविला. गाठी-गाठींचा, अननसाच्या डोळ्यांसारख्या खाचा असलेला. त्याचे नाव सांगून ती खदखदून हसली. कन्येने स्पॅनिशमधून अर्थ विचारून घेतला. नाव 'काचुन वाकाची', म्हणजे 'सुनेला रडवणारा'. लग्नाआधी सासू हा बटाटा होणाऱ्या सुनेच्या हाती देई आणि न मोडता, गर वाया न घालवता सोलून दाखव म्हणे, अशी तिकडे प्रथा सांगतात. आम्हीही हसलो. कन्येने थट्टेने विचारले, "आई, आजीनं तुला काय सोलायला दिलं होतं गं?" सौ.चे हसणे थांबले. ती बटाटा हातात फिरवीत राहिली आणि मग तिने त्याचे छायाचित्र काढावयास सांगितले.

रविवारी सायंकाळी कन्या लिमास परतली. आम्ही दोघेच खोलीत होतो. सौ. आपणहून म्हणाली, "अळकुड्या." मला काही उमगले नाही. मग तिने सांगितले. लग्नानंतरचा पहिला चातुर्मास, १९९२ सालचा. घरी पंधरा पाने होती. आईंनी परातभर अळकुड्या पुढ्यात ठेवल्या आणि सोल म्हणाल्या. तिच्या माहेरी अळकुड्या होत नसत. तिने त्या कच्च्याच सोलल्या. हातांना अशी खाज सुटली की रात्री बोटे सुजून मिटेनात. "मग तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारले. "तुम्ही पेपर तपासत बसला होतात. दोनदा खोलीत आले. मी हात पदराखाली धरले होते. तुम्ही वर पाहिलं नाहीत."

मला उत्तर सुचले नाही. आठ पिढ्यांपूर्वी आमचे घराणे होळकरांच्या आश्रयाने माळव्यात आले, ही हकीकत मला तोंडपाठ आहे. घरातल्या त्या एका रात्रीची हकीकत कळायला मला एकतीस वर्षे आणि अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता. तिने सांगितले आणि दिवा मालवला. मी बराच वेळ जागा होतो.

२९ जूनला आषाढी एकादशी आली. योगायोगाने तो दिवस तिकडे संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाचा, सरकारी सुटीचा. तिथी इथली धरावी की तिथली, असा प्रश्न मी आईला आधीच विचारला होता. "जिथं असाल तिथला सूर्य, आणि तिथलीच तिथी," असा तिने निकाल दिला. साबुदाणा सौ.ने इंदूरहून आणला होता. तूप तिने लिमात लोणी कढवून केले होते. जिरे कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात मिळाले. ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले, म्हणजे ज्या जिऱ्याला आपण आपले म्हणत होतो ते तिथे पाहुणे! त्याच बाजारात 'किविचा'च्या लाह्यांच्या मधात वळलेल्या वड्याही मिळाल्या. किविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याची बहीण, आणि ती वडी म्हणजे आपली राजगिऱ्याची चिक्की.

बटाटे मात्र उकडता उकडेनात. पाऊण तास झाला तरी आत कच्चेच. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते आणि कितीही जाळ केला तरी त्याहून तापत नाही, हे मी सौ.ला समजावून सांगितले. "मग ज्याला कारण ठाऊक आहे त्यानंच राखावेत," ती म्हणाली. मी चुलीशी बसलो. दीड तासाने बटाटे शिजले, आणि ते मी सोलले. माझ्या हातचे पहिले बटाटे. साल कमी आणि गर जास्त निघाला. सौ.ने नजरेनेच माफी दिली.

खिचडी खाताना माझ्या मनात एक जुना सल होता. आम्ही पुण्यास गेलो की नातेवाईक म्हणतात, "तुमचं मराठी जरा हिंदी वळणाचं." इंदुरात शेजारी, आठ पिढ्यांनंतरही, "आप तो महाराष्ट्रवाले" असे म्हणतात. दोन्हीकडे पाहुणे! या सलावर मी आजवर अनेक भाषणे केली आहेत. त्या दिवशी मात्र ताटातल्या बटाट्याकडे पाहून वाटले की याला त्याचे गाव कोण विचारते? कॅरिबियन बेटांवर रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला. पोर्तुगीजांकडून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि मराठीत या कंदाचे नाव होऊन बसला. माळव्यात आम्ही दारावर 'आलू' मागतो आणि उंबऱ्याच्या आत आला की त्याला 'बटाटा' म्हणतो. ते धान्य नव्हे, कंद, म्हणून उपवासाच्या पंक्तीला बसला आणि कायमचा बसला. टोमॅटोही त्याच खंडातून आला, पण त्याला आपण त्या पंक्तीत घेतले नाही! कोणाला घरात घ्यायचे, हे कुळावरून ठरत नाही. रोज कोणी हातात घेतले, सोलले, शिजविले, त्यावरून ठरते. हा विचार मी सौ.ला बोलून दाखविला. ती म्हणाली, "सुनांचंही तसंच असतं."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परतलो. इंदुरात पाऊस सुरू झाला होता. मुलांनी शाळा माझ्यावाचून उघडली होती आणि ती व्यवस्थित चालली होती. हे पाहून आनंद झाला. किंचित वाईटही वाटले. आईने सौ.ला प्रथम विचारले, "एकादशीला काय केलंस?" सौ.ने सारे सांगितले. साबुदाणा, दाणे, बटाटा हे सगळे तिकडचे, हे ऐकून आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पांडुरंगाला ठाऊक असेलच की. त्यानं चालवून घेतलं, तर आपण कोण?"

नंतर सौ.ने तिला ते छायाचित्र दाखविले आणि नावाचा अर्थही सांगितला. मी वर्तमानपत्र समोर धरून बसलो होतो. पण या वेळी वाचत नव्हतो. आईने चष्मा सारखा करून बटाटा नीट न्याहाळला. "अगं, हा असा कच्चा सोलायचाच नसतो," ती म्हणाली. "आधी उकडायचा, मग साल आपोआप सुटते. अळकुड्यांसारखं."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सौ. हळूच म्हणाली, "आई, मला तेव्हा सांगितलं नाहीत."

आईने चष्मा काढला. तिला आठवत होते की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. "मलाही कोणी सांगितलं नव्हतं गं," ती म्हणाली. "हात सुजले, तेव्हा माझं मीच शिकले." आणि थोड्या वेळाने, "तुझेही सुजले होते का?"

"हो."

आईने सौ.चा हात आपल्या हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, जणू सूज अजून उतरावयाची आहे.

आता आमचे दिवस पूर्ववत चालले आहेत. सकाळी घंटा, हजेरीपट, परिपत्रके. माझ्या निवृत्तीस फार काळ उरलेला नाही. नंतर घरी बसून करायचे काय, याची धास्ती मला प्रवासापूर्वी होती, ती आता तितकीशी राहिलेली नाही. रविवारी सकाळी ठेलेवाला खाली 'आलू, प्याज' म्हणून ओरडतो. मी पिशवी घेऊन जिना उतरतो. त्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, हे मला आता ठाऊक आहे. दारात मी त्याच्याकडून आलू मोजून घेतो आणि वर येऊन सांगतो, "बटाटे आणले." ते सोलायचे कोणी, हे मात्र रोज नव्याने ठरते.